ईशान्य सीमेवरील पार्वतीय राज्यें : त्यांचीं नांवें व त्यांची भूमि

समुद्रगुप्ताच्या प्रयाग येथील स्तंभलेखांत समतट, डवाक, कामरूप, नेपाल व कर्तृपुर या पांच देशांच्या राजांना 'प्रत्यन्तनृपति' म्हणजे सीमेवरचे राजे असें म्हटलेलें आहे. त्यांपैकीं कामरूप हें आसामांत होतें याविषयीं वाद नाहीं; डवाक म्हणजे कपिली नदीच्या खोऱ्यांतील डबोका असें बहुतेक विद्वान् मानतात. तेव्हां चवथ्या शतकांत हरिषेणासारख्या प्रशस्तिकाराला भरतखंडाच्या या टोकाची ओळख होती हें उघड आहे. परंतु ती ओळख नदीकांठच्या सपाट भूमीपुरती होती. त्या भूमीस तिन्ही बाजूंनीं वेढून जे डोंगर उभे आहेत त्यांचा त्या लेखांत उच्चार नाहीं. आज त्याच डोंगरांत अरुणाचल प्रदेश, नागालँड, मणिपूर, मिझोराम, मेघालय व त्रिपुरा अशीं राज्यें असून मध्यें आसामची दरी आहे. या राज्यांपैकीं कित्येकांचीं नांवें शुद्ध संस्कृत आहेत. आणि आमच्यासारख्या संस्कृताच्या अभ्यासकास मोह पडतो तो याच ठिकाणीं. संस्कृत नांव दिसलें कीं तें पुरातन असलेंच पाहिजे, असें मन आधींच ठरवून बसतें. प्रस्तुत लेखांत त्या भूमीचें वर्णन करीत असतां हीं नांवें कितपत जुनीं व कितपत विश्वसनीय आहेत हें पाहण्याचें योजिलें आहे.

प्रथम नदीचा विचार करूं. कारण या प्रदेशाची सर्व रचना नदीवरून ध्यानांत येते. कैलास व मानससरोवर यांच्या पूर्वेस उगम पावून जी त्सांगपो नदी तिबेटांतून पूर्वेकडे वाहत जाते, ती ७,७८२ मीटर उंचीच्या नामचा बरवा या शिखरास वळसा घालून एकाएकीं दक्षिणेकडे फिरते व सियांग या नांवानें अरुणाचलांत उतरते. सदियाजवळ तिला ईशान्येकडून दिबांग व पूर्वेकडून लोहित येऊन मिळतात आणि तेथून पुढें ब्रह्मपुत्र हें नांव चालू होतें. या तिहींत सियांग सर्वांत मोठी. पण संस्कृत परंपरेनें मूळ नदी म्हणून निवडली ती लोहित. रघुवंशाच्या चवथ्या सर्गांत रघु लौहित्य ओलांडतो व प्राग्ज्योतिषाचा राजा कांपूं लागतो, तेथेंही हेंच नांव आहे. कालिकापुराण दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास कामरूपांतच रचलें गेलें असें मानतात. त्यांत चार पर्वतांच्या मध्यें सांचलेल्या ब्रह्मपुत्राच्या जलास परशुरामानें परशूनें वाट करून दिली अशी कथा आहे. ती जागा म्हणून लोहितेवरील परशुरामकुंड दाखविण्यांत येतें व मकरसंक्रांतीस तेथें मोठी यात्रा भरते. चिपळूणच्या परशुरामाचे आम्ही उपासक. आमच्या भार्गवानें समुद्र मागें हटविला, तिकडच्यानें नदी पुढें सोडली. परशूचें काम दोहींकडे पाण्याशींच पडलें, ही मौजेची गोष्ट आहे.

पुराणाची ही समजूत भूगोलाच्या दृष्टीनें चुकीची आहे, पण अडाणीपणाची नव्हे. होडींतून नदीनें वर येणाऱ्या मनुष्यास सदियापुढें तीन प्रवाह दिसतात. त्यांतील सियांगच्या उगमाकडे जाणें दुर्गम डोंगरांमुळें व तेथील लोकांच्या संमतीवांचून शक्य नव्हतें. लोहित मात्र ज्या जागीं डोंगरांतून बाहेर पडते तेथवर यात्रेकरू पोहोंचूं शकत होता. जेथवर पाय पोहोंचला तेथें उगम मानला गेला. एकोणिसाव्या शतकांत युरोपीय भूमापकांसही त्सांगपो तीच ब्रह्मपुत्र कीं ती इरावती, याचा निर्णय करतां येत नव्हता. तो निर्णय करण्याच्या कामीं इ. स. १८८० मध्यें किंथप नांवाच्या सिक्कीममधील मनुष्यास एका चिनी लामाबरोबर पाठविण्यांत आलें. लामानें त्यास वाटेंत गुलाम म्हणून विकलें. तेथून सुटका करून घेऊन त्यानें ठरल्याप्रमाणें पांचशें ओंडके खुणा करून रोज पन्नास या हिशोबानें नदींत सोडले. पण त्याचा निरोप वेळेवर पोहोंचला नाहीं व खालीं आसामांत ते ओंडके पाहावयास कोणीच नव्हतें. इ. स. १८८४ मध्यें तो परतला तेव्हां, निरक्षर असल्यामुळें, त्यानें आपली हकीकत तोंडानें सांगितली व दुसऱ्यानें ती लिहून घेतली. तिजवर अनेकांनीं अविश्वास दाखविला. इ. स. १९१३ मध्यें बेली व मोर्सहेड हे त्या खोऱ्यांत गेले, तेव्हां किंथपचें कथन पुष्कळ अंशीं खरें ठरलें. लेखी प्रमाणाचा आग्रह धरणाऱ्या आम्हां मंडळींनीं ही हकीकत विसरूं नये. परशुरामकुंडाविषयीं आणखी एक गोष्ट नमूद करणें जरूर आहे. १५ ऑगस्ट १९५० रोजीं झालेल्या प्रचंड भूकंपांत, ज्याची तीव्रता ८.६ मोजली गेली, कुंडाची जुनी जागा पार बदलून गेली; आतां त्या ठिकाणावरून वेगवान् प्रवाह वाहतो. तेव्हां जुन्या वर्णनांतील कुंड आज डोळ्यांनीं पडताळून पाहण्याची सोय राहिलेली नाहीं.

याच सदियाच्या परिसरांत महाराष्ट्राशीं निकट संबंध असलेला एक प्रश्न आहे. सदियाजवळ कुंडिल नांवाची नदी वाहते, आणि रोइंगजवळ भीष्मकनगर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या विटांच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. यावरून रुक्मिणीचा पिता भीष्मक येथला व कुंडिनपूर तें हेंच, अशी आख्यायिका तिकडे रूढ आहे. इदु मिशमी लोक पूर्वीं केस समोरून कापून राखीत, त्याचें कारणही कृष्णानें रुक्मीचें केशवपन केलें हेंच सांगतात. सियांगच्या पायथ्याशीं लिकाबालीजवळ मालिनीथान येथें दगडी देवालयाचे सुंदर अवशेष आहेत. कृष्ण-रुक्मिणी द्वारकेस जातांना तेथें थांबलीं व पार्वतीनें त्यांस फुलांच्या माळा दिल्या अशी तेथील कथा आहे. इ. स. २०१८ पासून गुजरातेंतील माधवपूर येथील रुक्मिणीविवाहाच्या जत्रेंत ईशान्येकडील राज्यांचाही सहभाग असतो, त्यामुळें ही आख्यायिका आतां देशभर पसरली आहे.

आख्यायिका म्हणून ती मधुर आहे; इतिहास म्हणून ती टिकत नाहीं. भागवतांत कृष्ण आनर्तांतून विदर्भांत एका रात्रींत पोहोंचला असें म्हटलें आहे. कवीची अतिशयोक्ति वजा केली तरी हा प्रवास द्वारकेहून वऱ्हाडचा आहे. द्वारका व सदिया यांमध्यें रेखांशांचें अंतर इतकें आहे कीं दोन ठिकाणच्या सूर्योदयांतच जवळजवळ दोन तासांचा फरक पडतो. कालिदास कुंडिन हें विदर्भांतच सांगतो. रुक्मीनें पुढें जें भोजकट वसविलें त्या नांवाचें राज्य तर ताम्रपटांत सांपडतें: वाकाटक द्वितीय प्रवरसेनाच्या, अचलपूरजवळील चम्मक येथें मिळालेल्या ताम्रपटांत दिलेलें गांव भोजकट राज्यांतलें आहे. अमरावती जिल्ह्यांत वर्धेच्या कांठीं कौंडिण्यपूर आजही आहे व तेथील उत्खननांत सातवाहनकालीन अवशेष निघाले आहेत. पांचव्या शतकांतील राजशासन एकीकडे व नामसादृश्य दुसरीकडे, अशी तुलना असल्यावर निर्णयास विलंब लागूं नये. हें आम्ही महाराष्ट्राच्या अभिमानानें म्हणत नाहीं. प्रमाण उलट असतें तर रुक्मिणीचें माहेर सदियास सोडून देण्यास आमची हरकत नव्हती.

परंतु येथेंच थांबल्यास अर्धेंच काम होईल. भीष्मकनगरच्या विटा खोट्या नाहींत. त्या कोणी भाजल्या व कोणत्या काळीं, हा खरा प्रश्न आहे. सदिया येथें चुतिया राजांचें राज्य होतें व इ. स. १५२३-२४ च्या सुमारास आहोमांनीं तें जिंकलें. जवळच पाया येथील ताम्रेश्वरीच्या देवालयाच्या भिंतीचा शके १३६४ चा संस्कृत शिलालेख उपलब्ध आहे. तेथील देवता दिक्करवासिनी, आणि योगिनीतंत्रांत करतोयेपासून दिक्करवासिनीपर्यंत कामरूपाची मर्यादा सांगितली आहे. म्हणजे या कोपऱ्यांत पंधराव्या शतकांत संस्कृत लिहविणारा, देवीचीं देवळें बांधणारा व विटांचे कोट उठविणारा स्थानिक राजवंश नांदत होता. भीष्मकाच्या कथेनें या राजवंशास झांकून टाकलें आहे. विदर्भाचें त्या कथेनें कांहीं बिघडत नाहीं. हानि झाली ती सदियाच्याच इतिहासाची. विटांवरून आठवलें म्हणून सांगतों: अरुणाचलाची राजधानी इटानगर हिचें नांवही तेथील इटाकोट म्हणजे विटांच्या किल्ल्यावरूनच पडलेलें आहे. संस्कृत इष्टका, तिचीच तिकडे इटा व आपल्याकडे वीट.

मणिपूरचा प्रकार याहून शिकण्याजोगा आहे. अर्जुनानें चित्रांगदेशीं विवाह केला तें मणिपूर हेंच, असें सामान्यतः समजतात. महाभारताचा पाठ पाहतां अर्जुन कलिंग ओलांडून, महेंद्र पर्वत पाहून, समुद्रतीरानें त्या नगरास जातो. आजचें मणिपूर समुद्रापासून कित्येक डोंगररांगा आंत आहे. शिवाय पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत सुकथनकरांनीं सिद्ध केलेलें आदिपर्व ज्यांनीं चाळलें असेल त्यांस ठाऊकच आहे कीं, हस्तलिखितांत या नगराचें नांवही सर्वत्र मणिपूर असें नसून मणलूर असाही पाठ आहे. उलट मणिपूरचे लोक आपल्या देशास कांगलैपाक म्हणत. ब्रह्मी लोक त्यास कथे म्हणत व आसामी मेखली म्हणत. अठराव्या शतकांत राजा पामहैबा, ज्यास गरीबनवाज म्हणतात, यानें वैष्णव धर्म स्वीकारला व त्यानंतर महाभारताचें नांव राज्यास चिकटलें. त्याच राजाच्या कारकीर्दींत, इ. स. १७२९ मध्यें किंवा कांहींच्या मतें १७३२ मध्यें, मैतेई लिपींतील 'पुया' नांवाचे जुने ग्रंथ जाळण्यांत आले. हस्तलिखितें जमविणाऱ्या वाचकांस या वाक्याचा अर्थ विशद करून सांगण्याची आवश्यकता नाहीं. पुढें तेथें बंगाली लिपि चालू झाली. जे पुया लपवून राखले गेले त्यांच्या आधारें जुनी लिपि पुन्हां उजेडांत आली असून ती आतां शाळांतून शिकविली जाते. चैथारोल कुंबाबा ही राजघराण्याची बखर उपलब्ध आहे हें त्यांतल्या त्यांत सुदैव.

भूमि म्हणून पाहतां मणिपूरास मण्याची उपमा शोभते, हें मात्र कबूल केलें पाहिजे. एकंदर राज्याचा सुमारें एक-दशांश भाग एवढीच सपाट दरी. भोंवतीं सर्व डोंगर. आणि दरीच्या सखल भागांत लोकटक सरोवर. या सरोवरांत कुजलेल्या वनस्पति, मुळें व माती यांचे तरंगते थर असतात. त्यांस फुमदी म्हणतात. त्यांवर मनुष्य चालूं शकतो, झोपडी बांधूं शकतो. आणि कैबुल लामजाओ येथील फुमदीवर सांगाई नांवाचें हरिण राहतें, जें रानांत अन्यत्र कोठेंही नाहीं. उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं फुमदी तळास टेंकते व तेथील मातींतून पोषण घेऊन पुन्हां तरंगते. इ. स. १९८३ मध्यें वीजनिर्मितीकरितां इथाई येथील बंधाऱ्यानें पाणी वर्षभर उंच राखलें जाऊं लागलें, तेव्हांपासून फुमदीला तळ मिळेनासा झाला व ती विरळ होत चालली. हरिणाचा पाय ज्या भूमीवर टेंकतो तीच पातळ होत आहे.

आतां अगदीं नव्या नांवांकडे वळूं. मेघालय हें नांव कालिदासाच्या काव्यांत शोभलें असतें. पण तें शिवप्रसाद चतर्जी या कलकत्त्याच्या भूगोलज्ञानें योजिलें व इ. स. १९३६ च्या आपल्या फ्रेंच प्रबंधांत वापरलें. तें राज्यास दिलें गेलें इ. स. १९७० मध्यें आणि पूर्ण राज्य झालें २१ जानेवारी १९७२ रोजीं. अरुणाचल हें नांव विभावसु दास शास्त्री या संस्कृत पंडितानें सुचविलें व तें २० जानेवारी १९७२ पासून चालू झालें. तत्पूर्वीं त्या प्रदेशास ईशान्य सीमाप्रांत अशा अर्थाचें इंग्रजी नांव होतें. दोन्ही नांवें सार्थ आहेत. मेघालयाचें पठार हिमालयाच्या कुळांतलें नव्हे. तें द्वीपकल्पाच्या पुराण खडकाचाच, राजमहालच्या खिंडीनें तुटून पडलेला तुकडा आहे. बंगालच्या उपसागरावरून येणारे मेघ सिल्हेटच्या सपाटीवरून विनाअडथळा येतात व या पठाराच्या उभ्या दक्षिण कड्यावर एकदम आदळतात. म्हणून मौसिनराम व सोहरा म्हणजे चेरापुंजी येथें वर्षास सरासरी ११,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आपल्या महाबळेश्वराच्या सुमारें दुप्पट. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तर चेरापुंजीस २६,४६१ मिलिमीटर मोजला गेला. एवढ्या पावसांत लांकडी पूल कुजतात, म्हणून खासी लोक रबराच्या जातीच्या वडाचीं पारंबीमुळें ओढ्यापलीकडे वळवून जिवंत पूल वाढवितात. असा पूल पेलण्यायोग्य होण्यास कित्येक वर्षें लागतात. लावणाऱ्याचा उपयोग त्याच्या मुलानातवंडांस होतो.

नांवें सार्थ असलीं तरी भय निराळेंच आहे. स्कंदपुराणांत अरुणाचलमाहात्म्य आहे. तें तामिळ देशांतील तिरुवण्णामलैच्या डोंगराचें होय. आणखी दोनशें वर्षांनीं कोणी पोथीशोधक त्या माहात्म्यावरून अरुणाचल प्रदेशांत लिंगपूजेचें प्राचीनत्व सिद्ध करणार नाहीं, अशी खात्री मणिपूरचें उदाहरण पाहिल्यावर कोण देईल? सीमेवर तर नांवांचा उपयोग शस्त्रासारखा होतो. चीननें इ. स. २०१७ मध्यें अरुणाचलांतील सहा ठिकाणांस, २०२१ मध्यें पंधरा, २०२३ मध्यें अकरा व २०२४ मध्यें तीस ठिकाणांस आपलीं नांवें जाहीर केलीं. नांवास नांवानें उत्तर देऊं लागल्यास दोहींकडे शब्दकोशच उरतील. तवांगच्या मठांतील ग्रंथ, इदु लोकांच्या इगु पुरोहितांचीं मुखोद्गत गाणीं, आदी लोकांच्या वंशावळी हीं त्या भूमीचीं स्वतःचीं साधनें आहेत आणि तीं जमविण्याचें काम अद्याप पुष्कळ उरलें आहे.

इतर नांवांविषयीं थोडक्यांत सांगतों. आसाम म्हणजे 'असम', विषम भूमि, अशी व्युत्पत्ति पंडितांनीं केली. ती भोंवतालच्या सर्व राज्यांस लागू पडते, नदीकांठच्या सपाट आसामास मात्र पडत नाहीं! इ. स. १२२८ मध्यें पाटकाई ओलांडून आलेल्या आहोम लोकांशीं त्या नांवाचा संबंध जोडणें अधिक सयुक्तिक होय. मिझोराम यांतील 'राम' म्हणजे मिझो भाषेंत देश; दाशरथीशीं त्याचा संबंध नाहीं. त्रिपुरा या नांवाची त्रिपुरासुराकडून उपपत्ति लावतात, कोणी तेथील भाषेंतील पाणी या अर्थाच्या 'तुइ' शब्दाकडून लावतात. आमच्या मतें दुसरी वाट अधिक शोधण्याजोगी आहे.

खासी लोकांत अशी कथा आहे कीं, देवाकडून अक्षरें घेऊन खासी व परदेशी असे दोघे निघाले असतां वाटेंत पूर लागला. परदेशी मनुष्यानें आपलीं अक्षरें केसांत बांधलीं. खासीनें तोंडांत धरलीं व पोहतांना तीं त्याच्याकडून गिळलीं गेलीं. म्हणून खासींची विद्या पोटांत राहिली, पानावर आली नाहीं. इ. स. १८४१ मध्यें आलेल्या टॉमस जोन्स या पाद्र्यानें त्यांच्या भाषेस रोमन लिपि दिली, त्यापूर्वींची ही कथा असो वा नंतरची, तिच्यांतील दुःख खरें आहे.

दरींत मात्र लेखन भरपूर झालें, आणि तें ज्या झाडावर झालें त्याचा उल्लेख करून हा विषय पुरा करतों. रघूच्या हत्तींना प्राग्ज्योतिषांत ज्या कालागुरु वृक्षांना बांधलें तोच हा अगुरु. आसामी भाषेंत सांची. बाणाच्या हर्षचरितांत भास्करवर्म्याचा दूत हंसवेग जे नजराणे घेऊन येतो, त्यांत अगुरूच्या सालीच्या पानांचीं पुस्तकें आहेत. म्हणजे सातव्या शतकांतील ही चाल आहोमांच्या बुरंजींपर्यंत, व शके १६५६ म्हणजे इ. स. १७३४ मध्यें सुकुमार बरकाठ यानें लिहिलेल्या व दिलबर आणि दोसाई यांनीं चितारलेल्या हस्तिविद्यार्णवापर्यंत अखंड चालली. पंधरा-सोळा वर्षांच्या झाडाची साल पट्ट्यांनीं काढून, वाळवून, घांसून, तीस उडदाच्या खळीचा लेप देत व हिंगूळ आणि हरताळ लावीत. शाई हिरड्याची व गोमूत्राची करीत. आपले लेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासतात. तिकडे सबंध पानासच हरताळ लावीत, आणि त्याच्या विषारीपणामुळें अशा ओल्या हवेंतही कसर लागत नसे. सुगंधी अगुरूच्या लोभानें हें झाड रानांतून जवळजवळ नाहींसें झालें असून त्याची गणना आतां अत्यंत संकटग्रस्त वनस्पतींत होते. आसामांत लोक तें परसांत लावतात.

संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. पूर्वेकडून आलेली सालीची पोथी पाहतांच ती भूर्जपत्रांत नोंदविली जाण्याचा संभव असतो. भूर्जाचे पातळ पापुद्रे सुटतात व त्यावर आडव्या बारीक रेघा दिसतात. सांचीचें पान जाड, ताठ, हरताळामुळें पिवळसर असून त्याच्या मध्यभागीं दोरीकरितां छिद्र असतें. लिपि बंगालीसारखी दिसली तरी 'र' व 'व' हीं अक्षरें बारकाईनें पाहावीं. आसामी पोथींत तीं निराळीं असतात.